चाळीसचा गेज

कानस मारलेलं लोखंड परत येत नाही. हे वाक्य मी नोकरीत रोज किमान दहा वेळा म्हटलं असेल. पोरं माझ्या पाठीमागं त्याची नक्कल करायची, अगदी माझ्यासारखी मान हलवून. करेनात का. वाक्य खरं होतं. लोखंड जास्त राहिलं तर आणखी घासता येतं, पण एकदा कमी झालं की ब्रह्मदेव खाली आला तरी त्याला ते वाढवता येत नाही. जगाला ऐकवलेलं हे वाक्य मी स्वतःला मात्र कधी ऐकवलं नाही आणि त्यापायी एका पोराचं वाटोळं होता होता राहिलं. ती हकिकत सांगतो. हसायला हरकत नाही, आता मीही हसतो.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी शिकाऊ उमेदवारांना फिटरचं काम शिकवायचो. फिटर म्हणजे काय, तर लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांत असे बसवायचे की मध्ये उजेड दिसता कामा नये. सतरा-अठरा वर्षांची पोरं यायची. पहिले सहा महिने त्यांना मी नुसतं घासायला लावायचो. हाताला फोड, खांद्याला गोळे. त्यातली निम्मी मनातल्या मनात माझं श्राद्ध घालत असणार. मग परीक्षेचं काम द्यायचं: एका पट्टीत बरोबर चाळीस मिलिमीटर रुंदीची खाच पाडायची आणि दुसरा तुकडा असा बनवायचा की तो त्या खाचेत लोण्यात सुरी जावी तसा सरकला पाहिजे.

खाच बरोबर आहे की नाही हे मी ठरवायचो माझ्या गेजनं. गेज म्हणजे अचूक मापाचा पोलादी ठोकळा. खाचेत घालून बघायचा. हलक्या दाबानं गेला तर पास. गेलाच नाही तर आणखी घास. आणि आत जाऊन खुळखुळला तर काम रद्द, कारण मघाशी सांगितलं तेच, लोखंड परत येत नाही.

हा गेज मी स्वतः उमेदवार असताना स्वतःच्या हातानं केलेला होता. तेव्हा माप-तपासणीच्या खोलीत तो चाळीस म्हणजे चाळीस भरला होता, आणि तपासणाऱ्या म्हाताऱ्यानं चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं होतं. आयुष्यात माझ्याकडं कुणी तसं पुन्हा पाहिलं नाही, बायकोनंसुद्धा नाही. गेजला मी मखमलीची पेटी केली. दर शनिवारी बारीक पॉलिश पेपरनं घासायचो, तेलाचा हात द्यायचो. त्यात माझं तोंड दिसलं पाहिजे, हा माझा नियम होता. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, त्या दिवशी तर दोनदा घासायचो आणि मग हळदकुंकू. बायको म्हणायची, "घरातल्या पातेल्यांच्या नशिबी हे भाग्य नाही."

आमच्या ट्रेनिंगचे साहेब मोहिते. मनुष्य भला, पण कुठून काही ऐकून आला की आम्हाला ताप. त्या वर्षी ते चार दिवसांच्या शिबिराला गेले आणि परत आले ते 'टीम, टीम' करतच. आता प्रत्येकानं आपापलं काम करायचं नाही, तिघांनी मिळून एक वस्तू करायची. फळ्यावर त्यांनी स्वतः लिहिलं, 'एकी हेच बळ', आणि खाली सही केली.

वस्तू ठरली टेबलावर बसवायचा छोटा व्हाइस, म्हणजे स्क्रू फिरवला की सरकणारा जबडा येऊन लोखंड घट्ट धरतो तो पंजा. एकानं तीच चाळीसची खाच असलेलं धड करायचं, दुसऱ्यानं त्या खाचेत सरकणारा जबडा आणि तिसऱ्यानं स्क्रू. ज्या गटाची ही गोष्ट आहे त्यात दत्ता, अरविंद आणि किसन अशी तीन पोरं होती.

दत्ता तिथलाच. आमचा कारखाना त्याच्या आजोबांच्या शेतावर उभा होता आणि ही गोष्ट तो कुणालाही विसरू द्यायचा नाही. नव्या पोरानं ड्रिल मशीन कुठं आहे म्हणून विचारलं तर तो सांगायचा, "आमच्या चिंचंखाली हाय न्हवं का, त्येच." चिंच तोडून दहा वर्षं झाली होती. शेडमध्ये थुंकू नका असा बोर्ड होता, त्यापेक्षा दत्ताचं एक वाक्य भारी पडायचं, "तिथं आमची मेथी व्हती." मालकच तो. मालक कुणाला विचारत नसतो.

अरविंद पुण्याहून सायकलनं यायचा. शाळेत पहिला नंबर कधी सोडलेला नाही. आपलं चुकू शकतं ही कल्पनाच त्याला कुणी कधी करून दिली नव्हती. बोलण्यापेक्षा लिहिण्यावर भर, खिशाला दोन पेनं.

आणि किसन. मराठवाड्यातून आलेला, आकुर्डीला मामाकडं राहायचा. मामा कामगार, एका खोलीत सात माणसं. ह्याचा एकच मंत्र होता, "माझंच चुकलं बघा सर." कानस हातातून पडली तर कानशीची माफी मागायचा. दुसऱ्याचा धक्का लागला तर ह्याचंच चुकलं. आणि काम तर त्याचं खरंच वाईट, असं मी समजत होतो. परीक्षेच्या पट्ट्या त्यानं तीनदा केल्या आणि तिन्ही वेळा त्याच्या खाचेत माझा गेज खुळखुळला. तिन्ही मी लाल पेटीत टाकल्या. लाल पेटी म्हणजे भंगाराची. नियम असा होता की चार कामं रद्द झाली की उमेदवारी संपली, उचला पथारी. किसनची तीन झाली होती. गावाकडं त्याच्या बापानं 'पोरगं कंपनीत लागलं' म्हणून पार वेशीपर्यंत सांगून ठेवलेलं. त्या व्हाइसवर त्याचं सगळं अडलेलं होतं, आणि हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

दत्तानं धड केलं. मी गेज घातला, मस्त गेला. किसननं जबडा केला, मायक्रोमीटरनं, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भागही दाखवणाऱ्या मापकानं, मोजून मोजून. जबडा खाचेत जाईना. किंचित अडायचा, दारात अडून बसलेल्या जावयासारखा.

"दुसऱ्याच्या खाचेत घालून घालून घासायचं नाही," मी दम दिला. "मापानं करायचं आणि आणायचं. कर दुसरा."

त्यानं दुसरा केला. जाईना. तिसरा केला. तोही जाईना. जास्त लोखंडाचं काम रद्द धरायचं नसतं, म्हणून ते त्या चारांत मोजले नाहीत, पण गेले लाल पेटीतच. तिन्ही जबडे अगदी तेवढेच, केसभर जास्त. इथं माझी ट्यूब पेटायला हवी होती. माणूस चुकतो तेव्हा दर खेपेला वेगळा चुकतो. तीनदा एकसारखं चुकायला फार मोठा कारागीर लागतो. पण मी मायक्रोमीटर हातात घेतलाच नाही. कशाला घेऊ? गेज बोलला होता ना.

आता गट अडचणीत आला. साहेबांच्या शिबिरात सांगितलं होतं म्हणे, की अडचण आली की गट एकत्र येतो. आला की एकत्र! अरविंदनं सभा बोलावली. तिघांची सभा. त्याचं इतिवृत्त त्यानं वहीत लिहिलं ते मी अजून जपून ठेवलंय. 'ठराव पहिला: जबडा चुकीचा आहे. सूचक अरविंद, अनुमोदक किसन. ठराव एकमतानं मंजूर.' मी किसनला विचारलं, "अरे गाढवा, तूच तुझ्याविरुद्ध अनुमोदन दिलंस?"

"दत्ताभाऊ द्यायला तयार नव्हते सर. त्यांचं म्हणणं, आपल्या जमिनीत सभा घ्यायची तर आधी आपल्याला विचाराय पाहिजे. मग ठराव अडून बसला असता."

दत्ताचं निदान वेगळंच होतं. त्याच्या मते जबडा बरोबर, धड बरोबर, स्क्रूही बरोबर, जागा वाईट. आमचं वर्कटेबल जिथं होतं तिथं पूर्वी त्यांचा म्हसोबा होता. "त्यो उठवला, पर नारळ दिला न्हाई. कसं बसंल काम?" दुसऱ्या दिवशी घरनं नारळ घेऊन आला. फोडायला दगड मिळेना, तर दत्तानं तो मोठ्या व्हाइसमध्ये धरला आणि दांडी फिरवली. फाटदिशी आवाज, पाणी थेट अरविंदच्या वहीवर. नेमके त्याच वेळी साहेब पाहुण्यांना टीमवर्क दाखवायला घेऊन आले.

"हे काय चाललंय?" साहेब.

"गटकार्य सर," अरविंद वही झटकत म्हणाला.

"माझंच चुकलं सर," किसन म्हणाला. नारळाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

मग मीही माझी अक्कल चालवली. म्हटलं, कामं बदला. आता किसन धड करील, दत्ता जबडा करील. न्याय एकदम चोख. दत्तानं काय केलं, मायक्रोमीटरला डोळा लावणं त्याला कमीपणाचं वाटायचं, म्हणून त्यानं माझा गेज मागून घेतला आणि जबडा त्याच्या शेजारी ठेवून बोट फिरवत फिरवत बरोबर गेजएवढा केला. किसननं खाच पाडली, मोजून. आठ दिवस खपत होता. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा तिथंच.

मी पेटी उघडली, गेज काढला, खाचेत घातला. खुळखुळ. दत्ताचा जबडा घातला. तोही खुळखुळ.

"चौथं," मी म्हटलं.

किसननं मान खाली घातली. "माझंच चुकलं बघा सर."

धड केलं तरी किसन चुकीचा, जबडा केला तरी किसन चुकीचा. मला वाटलं, काय दैव असतं एकेकाचं! मी जाऊन उमेदवारी समाप्तीचा छापील फॉर्म भरला. नाव, नंबर, कारण, पालकाचं नाव. साहेबांनी सही करून त्यावर जावक क्रमांकही घालून टाकला, दसऱ्यानंतर द्यायचा म्हणून. मी तो खिशात ठेवला. मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? पण त्या वाईट वाटण्यात थोडं बरंही वाटत होतं, की बघा, माझा गेज कुणाची गय करत नाही.

खंडेनवमी आली. शेड धुतली, मशीनना झेंडूच्या माळा घातल्या. अरविंदनं हत्यारं ज्येष्ठतेप्रमाणं मांडायची यादी केली. सगळ्यांत वर माझा गेज, लाल फडक्यावर. मी सकाळीच दोनदा घासला होता. लखलखत होता नुसता.

पोरं एकेक करून पाया पडत होती. किसन आला. फॉर्मची कुणकुण त्याला लागलेलीच होती. त्यानं ड्रिल मशीनला हात लावला, कानशीला लावला आणि मग गेजसमोर डोकं टेकून तो पुटपुटला, "माफ कर बाबा, मला काही तुझ्या मापाचं करता आलं नाही."

मी हळदकुंकू लावायला पुढं झालो. हातात कुंकवाची वाटी होती. दत्ता शेजारीच उभा होता. त्याला गप्प बसणं माहीत नव्हतं.

"सर, येक इचारू का? आमच्या देवघरात खंडोबाचा टाक हाय, चांदीचा. आजी दर रैवारी चिंच लावून घासती. घासून घासून देवाचं नाक गेलं, आता डोळं बी चाललं. घोडा कुठला न् देव कुठला, वळखाया येत न्हाई. तुमी बी ह्यो गेज दर शनवारी घासताय. ह्येचं नाक कवा जायाचं?"

सगळी शेड हसली. मीही हसलो. हसता हसता कुंकवात बुडवलेलं बोट तसंच वर राहिलं.

कानस मारलेलं लोखंड परत येत नाही. आणि पॉलिश पेपर मारलेलं? ते काय माहेरपणाला जाऊन परत येतं?

"मायक्रोमीटर आण," मी अरविंदला म्हटलं. फुलं बाजूला सारली, गेज पुसला, मोजला. मला नीट दिसेना म्हणून अरविंदला वाचायला सांगितलं.

"एकोणचाळीस पूर्णांक ब्याण्णव शतांश," तो म्हणाला. मग थांबून, "सर, मायक्रोमीटर चुकला असेल."

तेव्हा मला नेमकं हेच ऐकायचं होतं! पोराला मिठी मारावीशी वाटली. दुसरा मायक्रोमीटर आणला, मग तिसरा. तिन्हींनी तेच सांगितलं. एवढ्या वर्षांत शनिवार शनिवार करत मी माझा चाळीसचा गेज एका केसाएवढा खाऊन टाकला होता. आणि कुणाला पत्ता लागला नाही, कारण एरवी प्रत्येक पोरगं मोजायच्या भानगडीत न पडता माझा गेज जाईपर्यंतच घासायचं, आणि आपलीच खाच आणि आपलाच तुकडा करायचं. खाच गेजसारखी बारीक, तुकडाही तिला बसेल असा बारीक, सगळं छान सरकतंय. एकाची खाच आणि दुसऱ्याचा मोजून केलेला तुकडा एकत्र आले तेव्हाच ते भांडण बाहेर आलं.

मी लाल पेटी उलटी केली. किसनचे सगळे तुकडे शोधून काढले. प्रत्येकाच्या खालच्या अंगाला, दिसू नये अशा जागी, त्याचा नंबर बारीक ठोकलेला. झेंडूच्या फुलांत मांडून एकेक मोजला. पट्ट्यांच्या खाचा चाळीस, धडाची खाच चाळीस. जबडे तिन्ही बरोबर, खाचेत सरकायला लागतो तेवढाच फरक ठेवलेले. इतकं नेटकं काम मी उमेदवार असतानाही केलं नव्हतं.

"किसन, तू मोजत होतास?"

"व्हय सर. चाळीसच येलालं. दर खेपेला चाळीसच."

"मग बोलला का नाहीस रे?"

"गेज तुमचा हाय सर. तुमचं कसं चुकंल? मला वाटलं, मलाच मायक्रोमीटर वाचता येईना. मग मी मायक्रोमीटर मागून मामाच्या घरी नेऊन तांदळाच्या दाण्यांची जाडी मोजून सवय करलालतो."

एका खोलीत सात माणसांमध्ये बसून हे पोरगं तांदळाचा दाणा मोजत होतं, आणि इकडं मी माझं तोंड बघत होतो त्या गेजमध्ये. लाज वाटली. इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

मी तडक साहेबांकडं गेलो. साहेब पेढा खात होते. सगळं सांगितलं. त्यांनी पेढा खाली ठेवला.

"म्हणजे आजवर मुलांच्या ज्या तुकड्या तुम्ही पास केल्यात, त्या सगळ्या नापास?"

"नाही साहेब. त्यांचं त्यांना बसतंय."

"मग हा पोरगा पास?"

"हो."

"मग नापास कोण? फॉर्म जावक झालाय. क्रमांक पडलाय. कुणाची तरी समाप्ती करावीच लागेल!"

त्यांचं चुकत नव्हतं. जावक रजिस्टर म्हणजे कानस मारलेलं लोखंड, तेही परत येत नाही. मी खिशातनं फॉर्म काढला आणि त्यांच्यासमोरच बसून दुरुस्त केला. नाव: किसन खोडून 'गेज, चाळीस मिलिमीटर'. कारण मात्र आधी लिहिलं होतं तेच राहू दिलं: 'वारंवार संधी देऊनही काम मापात नाही.' पालकाचं नाव, तिथं क्षणभर पेन अडलं. मग माझं नाव लिहिलं आणि सही केली.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "नियमात बसतंय," म्हणाले, आणि पेढा उचलला.

बाहेर येऊन मी तिघांसमोर म्हटलं, "माझंच चुकलं बघा." माझ्या तोंडून हे वाक्य ऐकून अरविंद इतका घाबरला की त्यानं ते वहीत टिपून घेतलं. दत्ता म्हणाला, "म्हसोबाचा नारळ लागू पडला." आणि किसन? किसन म्हणाला, "न्हाई सर, माझंच चुकलं. मी बोलाय पाहिजे होतं."

"हे मात्र बरोबर!" मी ओरडलो. "हे एवढं एकच तुझं चुकलं!" माझा हात वर झाला होता, मारायला की पाठीवरनं फिरवायला, मला अजून सांगता येत नाही.

व्हाइस झाला. किसनचं धड, किसनचा जबडा, अरविंदचा स्क्रू. दत्तानं त्यावर नारळ फोडून उद्घाटन केलं. किसननं धडाखाली नंबर ठोकायला घेतला तेव्हा मी त्याचा हात धरला आणि वर, समोर, दिसेल असा ठोकायला लावला. थोडा वाकडा ठोकला त्यानं.

उमेदवारी पुरी झाली, पोरं पांगली. किसनला मी शब्द टाकून माप-तपासणीच्या खोलीत लावून दिलं, जिथं त्या म्हाताऱ्यानं एकदा माझ्याकडं चष्मा काढून पाहिलं होतं. तिथं तांदूळ मोजणारा माणूस हवाच होता. मी नवा गेज करायला घेतला. वय झालं होतं, डोळ्यांचा भरवसा नव्हता, पण ईर्ष्या होती. दोन महिने खपलो. पॉलिश पेपर लांब ठेवला. तयार झाल्यावर पेटीत घालून तपासणीला पाठवला, जरा ऐटीतच.

दुसऱ्या दिवशी पेटी परत आली. वर चिठ्ठी, 'जादा तीन शतांश. नापास.' खाली किसनची सही, चांगली ठळक, कागदाच्या मधोमध.

मला राग आला. म्हटलं, कालचं पोरगं, ह्याला कानस धरायला मी शिकवलं! मायक्रोमीटर काढला आणि मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदाही मोजलं. बरोबर होता गाढव.

मग मी चिठ्ठी उलटून पाहिली. म्हटलं, मागं कुठं बारीक अक्षरात लिहिलं असेल, 'माझंच चुकलं असेल सर'. मागं काहीच नव्हतं. कोरी होती.

मी पेढे आणून सगळ्या शेडमध्ये वाटले. कशाचे म्हणून विचारलं, तर म्हटलं, नापास झालो त्याचे.